पुठ्ठा द्या म्हटलं तर दुकानदार विचारतो, "कुठला?"

ओली_माती

जुलैत घर बदललं, ठाण्याहून पुण्याला. (कोणी शहाणं माणूस भर पावसात घर बदलतं का, हे प्रतिसादात लिहू नये. सासूबाईंनी ते आधीच विचारलंय.) सामान हलवणाऱ्यांनी पुस्तकं भरली ती भल्यामोठ्या खोक्यांत. नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एका खोक्याचा तळ सुटला आणि नवऱ्याच्या आजोबांनी जपलेले मासिकांचे गठ्ठे जिन्यावरून घरंगळत पहिल्या मजल्याच्या दारात. नव्या शेजाऱ्यांशी आमची ओळख अशी झाली.

आता घरात २६ रिकामी खोकी आहेत. मुलाचं म्हणणं, ह्यातून गणपतीचं मखर करू. मला त्या मासिकांना पुन्हा पुठ्ठा बांधणी करायची आहे. म्हणून काल बोहरी आळीत गेले आणि म्हटलं, "जाड पुठ्ठा द्या." दुकानदार म्हणाला, "कुठला? कप्पा, ग्रे, डुप्लेक्स, का नळीचा?" मी म्हटलं, "जाड." मंडईत जाऊन नुसतं "भाजी द्या" म्हणणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं. मी हात हलवत परत.

तर जाणकारांनो, तळ का सुटला? मखराला घरातली खोकी चालतील का? आणि बांधणीला दुकानातून नेमकं काय मागायचं?

अर्धा_कप

भर पावसात घर कोण बदलतं?

खोकेवाला_भोसरी

माझं भोसरीला खोक्यांचं छोटं युनिट आहे, २० वर्षं हेच करतोय. शेवटी कोणीतरी आमच्या विषयावर धागा काढला!

आधी मुळातला घोटाळा सोडवू. आपण ज्या सगळ्याला पुठ्ठा म्हणतो त्यात दोन निराळ्या जाती आहेत. एक भरीव. लगद्याचे थर एकावर एक दाबून केलेला. कप्पा आणि ग्रे (दोन्ही बांधणीचे कडक, करडे पुठ्ठे), डुप्लेक्स, चित्राच्या फ्रेमसाठीचा माउंट बोर्ड हे सगळे ह्या घरातले. दुसरा पोकळ, म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागद चिकटवलेला. नागमोडीला आम्ही फ्लूट म्हणतो आणि सपाट कागदाला लायनर. दुकानदाराचा नळीचा पुठ्ठा तो हाच. ताई, तुमच्याकडची खोकी ह्या दुसऱ्या जातीची. त्यांचा बांधणीला काही उपयोग नाही, आणि बांधणीच्या पुठ्ठ्याची खोकी करायला गेलात तर हात दुखतील आणि खिसाही.

पोकळ पुठ्ठ्यात कागद मोजतात. दोन सपाट आणि एक नागमोडी म्हणजे ३ प्लाय. तीन सपाट आणि दोन नागमोडी म्हणजे ५ प्लाय. ७ प्लायमध्ये चार आणि तीन. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू बहुतेक ३ प्लायमध्ये येतात, जड सामान आणि निर्यातीचा माल ५ किंवा ७ मध्ये. पण प्लायवर भाळू नका. कागद हलका असेल तर ५ प्लायही लोळतो. आम्ही कागदाचं वजन जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम) बघतो आणि फुटण्याची ताकद बीएफमध्ये. १६ बीएफचा ५ प्लाय आणि २२ बीएफचा ५ प्लाय लांबून जुळे भाऊ दिसतात, माल भरला की कळतं कोण कोण आहे ते.

नळीच्या उंचीलाही अक्षरं आहेत. ए साधारण पावणेपाच मिलिमीटर, बी अडीच ते तीन, सी त्या दोघांच्या मधली, आणि ई जेमतेम सव्वा-दीड. सी मध्येच कशी, असं नवा कामगार हमखास विचारतो. अक्षरं उंचीप्रमाणे नाहीत, ज्या क्रमाने त्या नळ्या प्रचारात आल्या त्या क्रमाने आहेत. ए जाड, धक्का चांगला पचवते. बी बसकी, दाबाला चिवट, आणि छपाईही तिच्यावर बरी येते. बुटांचं किंवा मिक्सरचं छापील खोकं बघा, त्यात बहुधा ई असते.

आता तुमचा तळ. फाटलेली कड बघून सांगा, नागमोड एक दिसते की दोन? आणि तळाला टेप कसा लावला होता?

ओली_माती

आत्ताच बघून आले. एकच नागमोड. खाली मधोमध ब्राउन टेपची एक पट्टी. खोकं फूटपट्टीने मोजलं, सगळीकडून १८ इंच. आणि हो, भरलेली खोकी ठाण्याला दोन दिवस गॅलरीत फरशीवर होती.

खोकेवाला_भोसरी

मग फुटणारच होतं. १८ इंची चौकोनी खोक्यात पुस्तकं ठासून भरली तर ५० किलोच्या वर जातात. एवढं वजन ३ प्लायच्या तळावर, म्हणजे खरं तर टेपच्या एका पट्टीवर. नेहमीच्या खोक्याच्या दोन लांब पाकळ्या मधोमध फक्त भेटतात, एकमेकींवर चढत नाहीत. वजन त्या फटीवर येतं. मधल्या फटीवर टेप, शिवाय दोन्ही बाजूंच्या कडांवर आडव्या पट्ट्या, असा लावायचा. काही लोक टेप वाचवायला चारही पाकळ्या एकमेकींत अडकवतात. ते उशा-चादरींना ठीक.

उरलेलं काम गॅलरीने केलं. पुठ्ठा हवेतलं पाणी पितो. पावसाळी हवेत राहिलेलं खोकं कोरड्याच्या निम्म्या ताकदीवर येऊ शकतं, आणि दिसायला तसंच दिसतं! फरशीवर थेट ठेवू नका, खाली लाकडी फळी हवी. रचताना कोपऱ्यावर कोपरा येऊ द्या. खोक्याचा भार मुख्यतः चार कोपरे पेलतात. विटांसारखी सांधा मोडून रचली की वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर बसतो. भिंत बांधायची ती पद्धत इथे उलटी पडते.

आणि साध्या खोक्याच्या भिंतींत नळ्या उभ्या असतात, खांबांसारख्या. मखर करताना हे लक्षात ठेवा.

मिशिगनची_माई

आमच्याकडे खोक्याच्या तळाला एक गोल शिक्का छापलेला असतो. मी इतकी वर्षं ते कंपनीचं चिन्ह समजत होते. एकदा घर हलवताना नीट वाचला, तर त्यात कारखान्याचं नाव, पुठ्ठ्याच्या कडेची चिरडण्याची ताकद आणि जास्तीत जास्त किती वजन भरायचं हे सगळं होतं. नेहमीच्या साध्या खोक्यावर ३२ हा आकडा आणि ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. पुस्तकांसाठी इथे दीड घनफुटाचं छोटं खोकंच घेतात. मोठी खोकी पांघरुणं आणि लॅम्पशेडना.

ओली_माती

म्हणजे आमच्या लोकांनी बरोब्बर उलट केलं. उशा छोट्या खोक्यांत कोंबल्या होत्या.

देवगडचो_झील

माझो बापूस अजून म्हणता, लाकडी पेटी ती पेटी, बाकी सगळा कागद. (पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर अर्थ विचारत बसतील.)

हापूस पूर्वी लाकडी पेटीत पेंढ्यात जायचा. फळाच्या आकाराप्रमाणे चार डझन, पाच डझन, सहा डझन. पेटी वाशीला आपटली तरी पेटीला काही व्हायचं नाही, जे व्हायचं ते आंब्याला. आता घरोघर पाठवायचा माल पुठ्ठ्याच्या खोक्यात, एक किंवा दोन डझनाचा. पिकताना आंबा गरम होतो, त्याला वारा लागतो, म्हणून खोक्याला भोकं. पण भोक पाडलं की खोकं कमजोर. त्यामुळे ती कोपऱ्यापासून लांब पाडतात. कोपरे का, ते वरच्या प्रतिसादात आलंच आहे. आम्ही ते एका हंगामात नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी स्वस्तातली खोकी घेतली आणि वळवाच्या पावसात ट्रकची ताडपत्री गळली. खालच्या दोन थरांचा आमरस वाशीला पोचला.

लाकडाचं एक मात्र मान्य, पेटी रिकामी झाली की कोंबडीला अंड्यांवर बसवायला मिळायची. पुठ्ठ्यावर कोंबडी बसत नाही असं नाही, पण टिकत नाही. पुठ्ठा.

अर्धा_कप

शेवटचा शब्द वेगळा लिहिलास ते बरं केलंस.

कागदी_वाघ

मासिकांच्या बांधणीबद्दल. आमच्या आजोबांचं बाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे ह्यावर बोलायचा वारसाहक्क मला आहे.

जुन्या पुस्तकांच्या कोपऱ्यातून पिवळसर, कुरकुरीत, गवतासारखा पुठ्ठा डोकावतो ना, तो स्ट्रॉ बोर्ड. भाताच्या नाहीतर गव्हाच्या काडापासून केलेला. आजोबांकडे तो आउंसांवर यायचा. २४ आउंसी, ३२ आउंसी. जितके आउंस जास्त तितका ताव जाड. स्वस्त, पण ठिसूळ. कोपरा एकदा दुमडला की संपला. आता बांधणीला कप्पा किंवा ग्रे बोर्ड घ्या, जाडी मिलिमीटरमध्ये सांगा. मासिकांच्या वर्षभराच्या गठ्ठ्याला २ मिलिमीटर पुरे. वह्यांच्या मागे असतो तो पातळ ग्रे. भारी साड्यांचे, लग्नपत्रिकांचे, मोबाइलचे कडक डबे आतून ह्याच भरीव पुठ्ठ्याचे असतात, वर नुसता छापील कागद चढवलेला.

दुकानात नुसती जाडी सांगून भागत नाही. कागद यंत्रावर बनताना त्याचे तंतू एका दिशेला झोपतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने सहज वाकतो, त्या वाकण्याच्या रेषेत ग्रेन. ती पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. आडवी गेली तर पावसाळ्यात मुखपृष्ठ पापडासारखं वर येतं. कितीही वजन ठेवा, उतरत नाही. आजोबा नव्या पोराला पहिले आठ दिवस फक्त ताव वाकवायला लावायचे.

खळ मैद्याची, शिजवून. पूर्वी तीत मोरचूद घालायचे, झुरळं आणि कसर लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे. घरात मूल असेल तर हे करू नका, सरळ बाइंडिंगचा पांढरा गोंद वापरा. बाहेरून कापड चिकटवलं की ते वाळताना पुठ्ठ्याला बाहेर ओढतं, म्हणून आतून अस्तराचा कागद लावायचाच. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो.

शंकासुर

वाचतोय. एक शंका. मिठाईच्या दुकानातला खोका ह्यात कुठे बसतो? आतून करडा असतो आणि बर्फीला कधीकधी विचित्र वास येतो.

खोकेवाला_भोसरी

तो डुप्लेक्स. एकाच पुठ्ठ्यात दोन जातींचे थर. वर पांढरा, गुळगुळीत, छपाईसाठी, आणि पाठ करडी. टूथपेस्ट, साबण, अगरबत्ती, औषधाच्या गोळ्या, सगळीकडे तोच. करडी पाठ रद्दीच्या लगद्याची असते आणि त्या रद्दीत छापील वर्तमानपत्रंही असतात. शाईचे अंश तेलकट पदार्थात उतरू शकतात. म्हणून चांगला मिठाईवाला आत बटर पेपर घालतो किंवा पाठही पांढरी असलेला, ताज्या लगद्याचा बोर्ड घेतो. बर्फी थेट करड्या पुठ्ठ्यावर ठेवणाऱ्याकडून घेऊ नका, एवढंच सांगेन. हा माझा धंदा नाही, मी फक्त नळीवाला.

अंड्यांचा ट्रे मात्र पुठ्ठा नव्हेच. तो लगदा साच्यात ओतून केलेला असतो.

पैठणवेडी

अवांतर, पण राहवत नाही. येवल्याला पैठणीच्या मागावर डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ टांगलेली असते. ते जकार्डचे पत्ते. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. काठाची अख्खी नक्षी त्या पत्त्यांत साठवलेली. पत्ता दमट होऊन वाकला तर नक्षी चुकते.

आणि सावंतवाडीची गंजिफा! ते गोल पत्ते कापड-कागदाला चिंचोक्याची खळ देऊन घट्ट करतात, वर रंग आणि लाख. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते. खळीने थर चिकटवून पुठ्ठा करणं आपल्याकडे यंत्राच्या कितीतरी आधीचं आहे.

टोपीखाली_दडलंय_काय

अवांतराला अवांतर. नागमोडी कागदाचं पहिलं पेटंट इंग्लंडात १८५६ साली निघालं ते खोक्यासाठी नव्हतंच, उंच टोप्यांच्या आतल्या अस्तरासाठी होतं! साहेबाच्या कपाळाचा घाम टिपायला. बाटल्या आणि कंदिलाच्या काचा गुंडाळायला तो वापरायची कल्पना १८७१ साली अमेरिकेत आली, आणि १८७४ साली त्याला सपाट कागदाचा आधार मिळाला.

निवांत

इतका अभ्यास करून शेवटी झाडंच तोडायची ना? थर्माकोलचं मखर दहा वर्षं वापरलं आम्ही. पर्यावरणाच्या नावाखाली दरवर्षी नवा पुठ्ठा, हे काही पटत नाही.

खोकेवाला_भोसरी

प्रश्न रास्त आहे. थर्माकोलवर राज्यात २०१८ मध्ये बंदी आली तेव्हा आमच्याकडे मखरांच्या ऑर्डरी आल्या, त्यामुळे माझा ह्यात स्वार्थ आहे हे आधीच सांगतो.

आपल्याकडचा खोक्यांचा कागद मुख्यतः रद्दीपासून बनतो. वापीच्या गिरण्यांमध्ये परदेशातल्या जुन्या खोक्यांच्या गाठी येऊन पडतात. अमेरिकन रद्दीला जास्त मान, कारण तिच्यात ताज्या लाकडाचा लांब तंतू जास्त असतो. दर फेरीला तंतू आखूड होतो. पाच-सात फेऱ्यांनंतर त्याच्यात दम राहत नाही, म्हणून कुठेतरी नवा लगदा मिसळावाच लागतो. म्हणजे झाड अजिबात तुटत नाही असं म्हणणं खोटं, आणि प्रत्येक खोक्यामागे झाड तुटतं हेही खोटं.

जाता जाता गिऱ्हाइकांसाठी: छान सोनेरी कागद दिसला की लोक म्हणतात, वा, भारी माल. रद्दीच्या लगद्यात रंग घालूनही तो सोनेरी होतो. रंग बघून खोकं घेऊ नये. कोपरा अंगठ्याने दाबून बघा.

निवांत

दहा वर्षं एकच मखर वापरणं तरीही जास्त शहाणपणाचं, ह्यावर मी ठाम आहे. पुठ्ठ्याचं टिकवता आलं तर बोला.

रंगपेटी

टिकतं! शाळेत चित्रकला शिकवते, आमचं पुठ्ठ्याचं मखर चौथ्या वर्षी उभं आहे. ओली_माती, हे माझे चटके खाऊन शिकलेले धडे.

खांबांत नळ्या उभ्या ठेवा, हे वर आलंच. पायथ्याला एक थर पुरत नाही. दोन तुकडे चिकटवा, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. प्लायवूडचं तेच तत्त्व. मग तो कुठल्याच बाजूने वाकत नाही. कमानीसाठी उलट, वाकणारा पुठ्ठा हवा. एका बाजूचा सपाट कागद ओल्या फडक्याने किंचित भिजवून सोलून काढा. उरलेला पुठ्ठा नळ्यांच्या रेषेत चटईसारखा गुंडाळला जातो. मुलांना हे सोलायचं काम फार आवडतं, ते त्यांनाच द्या.

घडी घालायची तिथे कापू नका. चमच्याच्या दांड्याने किंवा संपलेल्या रिफीलने पट्टीला लावून रेघ दाबा, मग मोडा. कापताना कटरचं नवं पातं घ्या आणि एका जोरात न कापता हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा. बोथट पात्याने नळ्या चेंगरतात आणि कड उंदराने खाल्ल्यासारखी दिसते.

सगळ्यात जास्त रडवतो तो रंग. पोस्टर कलर एका बाजूने लावला की तासाभरात पुठ्ठ्याची होडी होते. कागदी_वाघ यांनी अस्तराबद्दल लिहिलंय तेच कारण. आधी दोन्ही बाजूंना पांढरा कागद चिकटवा किंवा मागूनही एक हात मारा. ॲक्रिलिक कमी छळतो. नक्षीच्या बारीक कातरकामाला नळीचा पुठ्ठा घेऊ नका, कडेला नळ्यांची तोंडं दिसतात. त्याला पातळ ग्रे किंवा माउंट बोर्ड.

मूर्ती पाटावरच, पुठ्ठ्यावर नाही. समई आणि निरांजन मखराच्या बाहेर, हातभर लांब. आत एलईडीची माळ. आरती ओवाळताना लहान मुलांच्या हातात कापूर देऊ नका, मखर कुठलंही असो.

मखर सुटे भाग खाचेत बसतील असं करा, सगळं गोंदाने जाम करू नका. मोडता आलं तर ठेवता येतं.

शंकासुर

माउंट बोर्डबद्दल अजून एक शंका. आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोभोवतीचा पुठ्ठा आतल्या कडेने तपकिरी झालाय. कसर आहे का?

कागदी_वाघ

कसर नाही, आम्ल. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन (लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक) काढलेलं नसलं की पुठ्ठा हळूहळू आम्लयुक्त होतो आणि तो डाग फोटोवर उतरतो. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट मागा. महाग पडेल. लग्नाचा एकच फोटो असेल तर द्या पैसे.

ओली_माती

तीन आठवड्यांनी आले, सगळ्यांचे मनापासून आभार.

मखराचे चार खांब उभे आहेत. पहिला खांब आडव्या नळ्यांचा झाला होता. मुलाने हा धागा स्वतः वाचला आणि "आई, तू वाचत नाहीस का नीट?" म्हणून मला परत करायला लावला. कमान एका दुपारी झाली. सोलायला शेजारच्या पहिल्या मजल्यावरची दोन मुलं आली होती, ज्यांच्या दारात मासिकं पडली त्याच घरातली. रंगाची होडी एकदा झालीच. मागून हात मारला, रात्रभर पाटाखाली दाबला, बराचसा उतरला.

निवांत, तुमच्यासाठी: खांब आणि पाया खाचेत बसतात, सगळं मोडून एका मोठ्या खोक्यात मावतं. माळ्यावर कोरडी जागा आहे. पुढच्या वर्षी कळवते.

आणि आज पुन्हा बोहरी आळीत गेले. म्हटलं, "२ मिलिमीटर कप्पा, चार ताव, आणि जरा वाकवून बघू द्या." त्याने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "बाइंडिंगचं दुकान कुठे तुमचं?"

अर्धा_कप

पत्ता दे, माझ्या वह्या आणतो.